तीस किलोमीटरचा रविवार

मैत्रिणींनो, कामं आवरली का? आवरली नसतील तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही पळण्याबद्दल बोलणार आहोत. पोरांच्या शर्यतीबद्दल नाही, आपल्या स्वतःच्या पळण्याबद्दल.

आम्ही फलटण तालुक्यातल्या एका गावच्या, एकाच बचत गटातल्या सहाजणी. सगळ्यात धाकटी २६ वर्षांची, सगळ्यात थोरल्या काकी ५१ वर्षांच्या. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असते, तिथं आम्हाला पळायचं आहे. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. माउलींची पालखी फलटणहून निघते ती दिवसभर चालून बरडला टेकते. तसे जवळजवळ दोन मुक्काम एकाच सकाळी गाठायचे, असं समजा.

एवढं अंतर एकदम कुणालाच पळता येत नाही. आम्ही दोन वर्षं सकाळी पळतोय. मागच्या वर्षी साताऱ्याची डोंगरावरची २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पूर्ण केली. मग यंदा पावसाळ्यापासून पुढची तयारी धरली. आठवड्यातून तीन दिवस थोडं थोडं, पाच ते आठ किलोमीटर. आणि रविवारी लांबचं. लांबचं पळणं दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटरनं वाढवायचं आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्याला कमी करायचं. त्या कमी पळण्याच्या आठवड्यात अंग भरून निघतं. शेताला पाळी देतो ना, तसंच हे. रोज पाणी सोडलं तर पीक पिवळंच पडणार.

डिसेंबरातल्या एका रविवारी ३० किलोमीटरची पाळी आली. आमच्यातल्या एका वहिनीसाठी त्या रविवारी बरंच काही ठरणार होतं. तिच्या घरात तीन म्हशी, दोन लहान मुलं. घरचे म्हणाले होते, "तीस पळून ये, आणि संध्याकाळच्या धारा तूच काढ. अंथरुण धरलंस तर मुंबईचं नाव काढायचं नाही." त्यांचंही काही चुकीचं नव्हतं. बाई आजारी पडली की घर अडतं, हे आपल्याला काय कुणी सांगायला हवं?

पहाटे पाचला आम्ही नीरा उजव्या कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं निघालो. हा रस्ता सपाट, वाहनं कमी. डोक्याला बॅटरी, दोघींच्या हातात कुत्र्यांसाठी काठी. एकीचे दीर मोटारसायकलवर पाणी घेऊन दर पाच किलोमीटरला पुढं थांबत होते. १५ किलोमीटर जायचं, १५ परत यायचं.

आमचा नियम असा, की पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. नऊ मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. पहिल्या किलोमीटरपासून हेच, दमल्यावर नाही. लांबच्या पळण्यात हळू पळणं हीच खरी शिकवण असते. आपल्या स्नायूंत साखरेचा साठा असतो. जोरात पळलं की तो लवकर संपतो. हळू पळलं की शरीर चरबीही जाळायला शिकतं आणि साठा पुरवून वापरतं. कणगीतलं धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरवतो, तसं.

उजाडलं तेव्हा उसाच्या गाड्या कारखान्याकडं निघाल्या होत्या. तोडीच्या टोळीतल्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन उभ्या. एक म्हणाली, "कुणी मागं लागलंय का गं?" आम्ही हसलो. पण तिच्या डोक्यावरची मोळी बघितल्यावर आपल्या दमण्याचं कौतुक आपोआप कमी झालं.

२४ व्या किलोमीटरला वहिनीच्या पोटरीत गोळा आला. तिचा चेहराच उतरला. दुखण्यापेक्षा घरी काय सांगायचं, ही चिंता जास्त. आम्ही सगळ्याच थांबलो. एकटीला मागं ठेवायचं नाही, हाही आमचा नियम. पुलाच्या कठड्याला धरून तिनं पोटरी ताणली, काकींनी हळूहळू चोळून दिली. गूळ-शेंगदाणे खाल्ले, मीठ-साखरेचं पाणी प्यायली. मग आम्ही एक किलोमीटर नुसतं चाललो. पाय मोकळा झाला तेव्हा तीच म्हणाली, "चला."

शेवटचे पाच किलोमीटर कसे गेले, ते सांगायला जमणार नाही. पाय जड होते, पण मन अगदी शांत. कुणी बोलत नव्हतं. सहाजणींच्या पावलांचा एकच आवाज येत होता. सव्वानऊला गावच्या पुलावर पोचलो. ना पदक, ना टाळ्या. कठड्यावर बसून आम्ही केळी खाल्ली. एवढं समाधान आम्हाला साताऱ्याच्या पदकानंही दिलं नव्हतं. चार तासांत कुणी हाक मारली नव्हती, कुणी चहा मागितला नव्हता. आणि आपलं शरीर राबण्याशिवाय आणखीही काही करू शकतं, हे त्यानंच आपल्याला दाखवलं होतं.

संध्याकाळी वहिनीनं तिन्ही म्हशींच्या धारा काढल्या. सासूबाई गोठ्याच्या दारात येऊन म्हणाल्या, "मुंबईला किती दिवस लागतील? तेवढे दिवस धारांचं मी बघते."

बाईच्या अंगाला हे झेपणार नाही, असं आपल्याच पारावर म्हणतात असं नाही. अमेरिकेत बोस्टनची मोठी मॅरेथॉन आहे. १९६७ साली तिथं कॅथरीन स्वित्झर धावत असताना एका अधिकाऱ्यानं तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. तरी तिनं शर्यत पूर्ण केली. बोस्टनला बायकांना रीतसर परवानगी मिळाली ती १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली थेट १९८४ साली. आता आपल्या शेजारच्या माण तालुक्यात बघा. मोही गावच्या शेतकऱ्याची लेक ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्याआधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तीन वर्षं पहिली आली होती.

आता तुमच्यापैकी कुणाला पळावंसं वाटलं, तर चार गोष्टी सांगतो. आधी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त आणि रक्तदाब तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते वाढवा. आमच्यातल्या दोघींचं कमी निघालं होतं. त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि गोळीबरोबर चहा बंद केला. छातीत दुखणं, चक्कर, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नका.

दुसरं, बूट पायाच्या मापाचे हवेत, पुढं अंगठ्याएवढी जागा सोडून. आतले कपडे घट्ट आणि आधार देणारे असावेत. वरून सलवार-कमीज चालते, ओढणी मात्र घरी ठेवा.

तिसरं, मीठ-साखरेचं पाणी घरीच करा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्या. तहान लागेल तसं घोट घोट प्या. नुसतं साधं पाणी पोट फुगेपर्यंत पिणंही धोक्याचं असतं.

चौथं, सुरुवात चालण्यानं करा. वीस मिनिटं चाला, मधेच एक मिनिट पळा. महिनाभरानं पळण्याची मिनिटं वाढवा. आणि एकटीनं निघू नका. गटात पैशाची बचत करतोच, तशी आठवड्यातली एक सकाळही सगळ्याजणी मिळून बाजूला काढा.

आता आमचं पळणं कमी होत जाईल. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे पायांना विसावा द्यायचा असतो. तोवर आम्ही रोज सकाळी कालव्यावर आहोतच. या मग, निदान चालायला तरी!