मोठ्या बाईंची खुर्ची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्यापैकी कुणी पाककृती सांगते, कुणी यात्रेची हकिगत सांगते. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला. मी म्हटले, "प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा पगार आणि त्यांची नोकरी." त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही शिक्षिका नाही, तुमचे यजमान शिक्षक नाहीत. तुम्हाला कशाला हव्यात त्या पगाराच्या चौकशा?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. मी सातवी झालेली बाई. पगार हा शब्द माझ्या नावापुढे कधी लागला नाही. पण ज्या शाळेवर आपण पोटची पोरे सोपवतो, तिथल्या मोठ्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईला काय मिळते आणि तिच्याकडून काय काय करून घेतले जाते, हे आयांनी नाही विचारायचे तर कुणी?

माझे माहेर मुरबाड तालुक्यातले. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जावे लागे आणि पावसाळ्यात ओढ्याला उतार नसे. आमचे हेडमास्तर गुरुजी दोनदा घरी आले. ओट्यावर बसून, चहा घेऊन, वडिलांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे, तिला थांबवू नका." वडिलांनी मान डोलावली आणि मला थांबवले. गुरुजींचे चालले नाही. पण हेडमास्तराने एका मुलीसाठी दोनदा घरी यावे, ही गोष्ट मी अजून विसरले नाही. त्यांना तेवढी सवड होती, आणि त्या शब्दाला गावात वजन होते.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. आमची मुलगी घराजवळच्या शाळेत जाऊ लागली. शाळा पहिली ते पाचवीपर्यंतची. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने शाळेला व्यवस्थापन समिती आली. तिच्यात शंभरातले पंच्याहत्तर सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्यात, असा नियम आहे. त्या नियमापायी २०१६ साली माझ्यासारखीचाही नंबर लागला. पहिल्या सभेला मी नवे लुगडे नेसून गेले आणि दुसऱ्या सभेला भांडायला गेले.

भांडण असे. माझी मुलगी चौथीत होती. ती रोज घरी येऊन सांगे, "आज बाई वर्गात आल्याच नाहीत, ऑफिसात होत्या." मी भर सभेत उभी राहिले आणि म्हटले, "शिकवायचा पगार घेता आणि वर्ग रिकामा ठेवता, हे बरे नव्हे." बाई काही बोलल्या नाहीत. सभा संपल्यावर त्यांनी मला ऑफिसात नेले. टेबलावर वह्यांची चळत होती. त्यांनी एकेक वही उघडून दाखवली. आज किती मुले जेवली, किती तांदूळ लागला. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १३८ मुले सगळी आली तर १३ किलो ८०० ग्रॅम. मग पुस्तकवाटपाची वही, गणवेशाची वही, दाखल्यांचे पुस्तक, आधारकार्डाची यादी, आणि या सगळ्याची पुन्हा संगणकावर माहिती, ती आज संध्याकाळी पाचच्या आत. "हे मुख्याध्यापकाचे काम," बाई म्हणाल्या, "आणि चौथीचा वर्ग हे शिक्षिकेचे काम. दोन्ही माझ्याकडेच आहेत."

मी विचारले, "मग आपल्या शाळेला मुख्याध्यापिका का नाही?"

तेव्हा त्यांनी मला तो आकडा सांगितला. कायद्याच्या जोडपत्रात लिहिले आहे की पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर मुले असतील तरच शिक्षकांशिवाय वेगळा मुख्याध्यापक. आमच्या पटावर १३८. मुले कमी म्हणून मोठ्या बाईंचे पद नाही. पण १३८ मुलांचा तांदूळ मोजावाच लागतो, दाखले द्यावेच लागतात, कुणी पडले तर दवाखान्यात न्यावेच लागते. पद नाही म्हणून काम नाही, असे काही होत नाही. मग शाळेतल्या सर्वांत जुन्या बाईंच्या गळ्यात ते घालायचे आणि त्यांना म्हणायचे प्रभारी. सहीच्या खाली 'प्र. मुख्याध्यापिका' असे लिहायचे.

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी माझी थोरली जाऊ आठवली. एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेच्या कमरेला किल्ल्या असतात. दूध उतू गेले तरी बोल तिला, पाहुणा रुसला तरी बोल तिला. आणि हातखर्चाला पैसे मात्र धाकटीइतकेच. वर सगळे म्हणतात, केवढा तिचा मान! आपण बायका हा मान चांगला ओळखतो. ज्याचे मोल द्यायचे नसते त्या कामाला लोक मान म्हणतात. आणि हे ओळखणाऱ्या मीच त्या बाईंना भर सभेत बोल लावला होता.

तेव्हापासून मी ही माहिती गोळा करू लागले. कल्याण-डोंबिवलीत दर दुसऱ्या इमारतीत एखादी शिक्षिका राहते. कुणी कसाऱ्याच्या गाडीने शहापूर तालुक्यात जाते, कुणी कल्याणहून एस.टी.ने मुरबाडकडे. त्यांच्याकडून जे समजले ते सांगते.

प्राथमिक शाळेत लागणारी मुलगी आधी तीन वर्षे शिक्षणसेवक असते. ही योजना २००० साली आली तेव्हा तिला महिना ३,००० रुपये मिळत. पुढे ६,००० झाले आणि त्यावर बरीच वर्षे गेली. २०२३ च्या जानेवारीपासून ते १६,००० झाले. तीन वर्षे सरली की ती कायम शिक्षिका होते आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तिचा मूळ पगार २९,२०० पासून सुरू होतो. हा आयोग राज्यात १ जानेवारी २०१६ पासून धरला, पण प्रत्यक्ष आदेश २०१९ साली निघाले. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी असते. चोवीस वर्षांनी निवड श्रेणी असते, पण ती सगळ्यांना मिळत नाही.

आता गंमत पाहा. मुख्याध्यापकपदाची पाळी येते ती वीसपंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर. तोवर पगार श्रेणीने वाढलेलाच असतो. त्यामुळे बढतीने हाती पडणारी वाढ पुष्कळदा अगदी थोडी असते. आणि बढतीबरोबर दूरची शाळाही येऊ शकते. आमच्या शेजारच्या एका बाईंनी बढती चक्क नाकारली. म्हणाल्या, "चार पैशांसाठी दोन तासांचा जास्तीचा प्रवास आणि रात्रीची झोप कोण घालवील?" मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या खुर्चीवर शहाणी माणसे बसायला नाही म्हणतात, त्या खुर्चीत काही तरी खोट आहे, एवढे कळायला सातवी पुरेशी आहे.

पेन्शनचेही तसेच. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद होऊन वर्गणीची योजना आली. त्यासाठी २०२३ च्या मार्चमध्ये १४ ते २० तारखेपर्यंत संप झाला, त्यात शिक्षकही होते. आपण तेव्हा मुले घरी राहिली म्हणून कुरकुरलो. आणि आता १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सोडून बाकीच्या शाळांत, ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हायला हवी, नाही तर नोकरी सोडावी लागेल. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नोकरीपुरती सूट आहे, पण बढती हवी तर परीक्षा द्यावीच लागेल. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी मुख्याध्यापिका व्हायचे तर आधी विद्यार्थिनी व्हायला हवे. मुलांना चांगले शिक्षक मिळावेत हे आपल्याला हवेच आहे. पण ही परीक्षा द्यायला अभ्यासाची सवड कुठून येणार, हे विचारणेही आपलेच काम आहे.

खासगी शाळांविषयी दोन शब्द, कारण आपल्यापैकी पुष्कळींच्या लेकीसुना तिथे शिकवतात. त्यांच्यासाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. २०० च्या वर मुले असलेल्या किंवा सातवीपर्यंतच्या प्राथमिक शाळेत, प्रशिक्षण झालेल्या आणि पाच वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकांतला सर्वांत ज्येष्ठ जो असेल तो मुख्याध्यापक. इतर प्राथमिक शाळांत प्रशिक्षित शिक्षकांतला सर्वांत ज्येष्ठ. अल्पसंख्याक संस्थांना यात मोकळीक आहे, बाकीच्यांना नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीला डावलून ही खुर्ची संस्थाचालकांच्या नात्यातल्या बाईंना दिली. ही मुलगी दोन महिने रडत बसली. डावलले गेल्यावर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि ती तीस दिवसांच्या आत मागायची असते, हे तिला कुणी सांगितलेच नाही. कळले तेव्हा मुदत गेली होती. भगिनींनो, तीस दिवस हा आकडा घरी जाऊन लेकीसुनांना सांगा. आजच्या भाषणातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल.

आपण ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिलेल्या या बाई, म्हणजे आपल्या सगळ्या मोठ्या बाईंच्या मूळ बाई. त्यांचे यजमान जोतीराव यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन मांडले, त्यात नुसती शिक्षकांची थोरवी गायली नाही. प्राथमिक शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत १५ किंवा २० असावा, आणि ज्याची मुले जास्त पास होतात त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता मिळावा, असे आकडे घालून सांगितले. ज्यांनी स्वतः शाळा चालवल्या, त्यांना ठाऊक होते की मास्तराचे घर चालल्याशिवाय शाळा चालत नाही. आपण हार घालायला शिकलो. आकडा विचारायला शिकलो नाही.

आता आमच्या शाळेची गोष्ट पुरी करते. पद मिळायचे तर १५० च्या वर मुले हवीत, आणि पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. पुढच्या जूनमध्ये आम्ही समितीतल्या पाचजणी दारोदार फिरलो. चाळीत, बांधकामावरच्या झोपड्यांत, रेल्वेच्या कडेच्या वस्तीत. कुणाचा जन्मदाखला नव्हता, कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते. नऊ मुले आणली. पट झाला १४७. मी त्या दिवशी घरी येऊन भाकरी थापताना एकटीच रडले. त्यापुढच्या वर्षी दोन बांधकामे संपली, माणसे दुसरीकडे गेली आणि पट पुन्हा खाली आला.

बाई २०१९ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाला आम्ही ओटी भरली, मुलांनी फुले दिली. त्यांच्या कागदावर मात्र पद लिहिले होते सहायक शिक्षिका. कित्येक वर्षे मोठ्या बाईंचे काम करून त्या एक दिवसही मोठ्या बाई झाल्या नाहीत. माझ्या मुलीचा पाचवीचा दाखला मी जपून ठेवला आहे. त्यावर त्यांची सही आहे आणि सहीखाली ते 'प्र.' आहे. माझ्या स्वतःच्या सातवीच्या दाखल्यावर गुरुजींच्या सहीखाली नुसते मुख्याध्यापक लिहिले आहे. दोन्ही दाखले एकाच ट्रंकेत आहेत. आमच्या गुरुजींना माझ्या घरी दोनदा यायला वेळ होता. आमच्या बाईंना वर्गात जायलाही नव्हता. दोन्ही माणसे सारखीच भली. फरक पडला तो त्या एका अक्षराने.

म्हणून मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक शाळेच्या समितीवर मंडळाची एक तरी सभासद असावी. तिने पहिल्याच सभेत विचारावे, इथे मुख्याध्यापक कायम आहेत की प्रभारी, आणि प्रभारी असतील तर त्यांचा वर्ग कोण घेते. उत्तर लिहून घ्यावे आणि ते लेखी कळवावे. आणि जून महिन्यात, हळदीकुंकवाला जशा आपण घरोघर जातो, तशाच शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी घरोघर जावे. आम्ही पाचजणी नऊ मुलांवर थांबलो. मंडळ सगळे निघाले तर चार मुले जास्त मिळणे काही अवघड नाही.