मंडळीला बाहेरचा सल्लागार कधी हवा?

बारामती आणि इंदापूर भागात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाच्या मिशनने काम केलं. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते. एरवी हे सोयीचं. पण वाद पेटला, की दाद मागायला वर कुणी नसतं.

पाळक आणि मंडळीचे पंच एकमेकांशी बोलेनासे झाले, प्रत्येक सभेत तोच विषय निघून निर्णयाविनाच सभा उठू लागली, की बाहेरच्या जाणत्या माणसाला बोलवावं. छप्पर गळतंय म्हणून मात्र सल्लागार कशाला? तिथे गवंडी पुरतो.

पैशाचं आणि जमिनीचं प्रकरण निराळं. रविवारचं दान एकच जण मोजतो, वहीत दुसरी सही नाही, असं चालत असेल तर आधी सनदी लेखापाल गाठा. मंडळीच्या ट्रस्टची जागा विकायची, किंवा शेतजमीन १० वर्षांहून आणि बिगरशेती जागा ३ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इथे वकील हवाच. पण पंचांपैकी कुणाचा मेहुणा वकील आहे म्हणून त्याच्याकडे गेलात, तर तो बाहेरचा कसला?

सल्लागार नेमण्याचा ठराव सभेत करा. मानधन आणि मुदत लेखी ठरवा. अहवाल आला, की तो पंचांच्या कपाटात न ठेवता सगळ्या मंडळीला वाचून दाखवा.