सोलापूरचे ऊन आणि हवेचे तापमान



सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की, मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यातच लोपते. त्या वेळी घड्याळात बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटे झालेली असतात. उन्हाचा मारा त्या क्षणी सर्वांत प्रखर असतो. तरीही तापमापकातील पारा सर्वांत वर चढतो तो दुपारी तीनच्या सुमारास. हा विलंब का होतो, हे समजले की हवा कशी तापते याचा बराचसा उलगडा होतो.

सूर्यकिरण हवेला फारसे तापवीत नाहीत. आकाश निरभ्र असेल तर त्यांपैकी बहुतेक किरण वातावरण भेदून जमिनीवर येतात. आधी जमीन तापते आणि मग तिच्यामुळे हवा तापते. जमिनीला टेकलेला हवेचा पातळ थर वहनाने तापतो. तो हलका होऊन वर जातो व त्याची जागा घेण्यास वरची थंड हवा खाली येते. हे अभिसरण होय. चैत्र-वैशाखात माळावर गरगरत उठणाऱ्या वावटळी म्हणजे डोळ्यांना दिसणारे अभिसरणच. जमिनीला मिळणारी उष्णता ती बाहेर टाकीत असलेल्या उष्णतेहून अधिक असेपर्यंत पारा चढत राहतो. म्हणून मध्यान्ह उलटल्यावरही उकाडा वाढतो.

हवा खालून तापत असल्यामुळे उंचावर गारवा असतो. वर जाणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून थोडे अधिक, तर महाबळेश्वर तेराशे मीटरांच्या वर आहे. महाबळेश्वर सूर्याला जवळ असूनही थंड कसे, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

रत्नागिरी मात्र समुद्रकाठी असूनही मे महिन्यात सोलापूरएवढी तापत नाही. सोलापूरचा पारा त्या महिन्यात दिवसा चाळिसाच्या घरात असतो. रत्नागिरीचा कितीतरी खाली. तेथे समुद्रावरून वारा येतो आणि पाणी सावकाश तापते. सोलापूरच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उरत नाही, हे तितकेच महत्त्वाचे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. माठातील पाणी गार होते ते याच खर्चामुळे. रान ओले असेल तर उन्हातील बराच भाग बाष्पीभवनात खर्ची पडतो. रान कोरडे असेल तर तीच उष्णता माती आणि हवा तापवण्यास मोकळी राहते. वाफेबरोबर वर गेलेली उष्णता नाहीशी होत नाही. ढगात वाफेचे पाणी होताना ती पुन्हा प्रकट होते आणि ढगाला आणखी वर ढकलते. वळवाच्या पावसाचा जोर यातूनच येतो.

रात्री जमीन प्रारणाने उष्णता आकाशाकडे टाकते. हवेतील बाष्प, ढग व कार्बन डायऑक्साइड त्यातील काही शोषून परत पाठवतात. सोलापुरी चादर स्वतः ऊब निर्माण करीत नाही, अंगची ऊब जाऊ देत नाही. ढगाळ रात्रीचे तसेच आहे. (उपमा पुरती जुळत नाही. चादर हवेला अडवते, ढग प्रारणाला.)

हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. सपाट प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर असून सरासरीहून साडेचार अंश किंवा अधिक वाढलेला असेल, अथवा ४५ अंशांना पोहोचला असेल, तर उष्णतेची लाट मानण्यात येते. परंतु हे सावलीतील हवेचे तापमान आहे. उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग त्याहून दहा-पंधरा अंशांनी सहज अधिक तापतो. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या मजुराला आकाशवाणीवरचा आकडा नव्हे, ही जमीन सोसावी लागते. त्याच्यासाठी सावलीचा मांडव आणि पाण्याची घागर किती वाजेपर्यंत हवी, हे ठरवताना तीन वाजताचा पारा ध्यानात घेतला पाहिजे.

घरांचेही असेच. माळवदाच्या जाड मातीतून उष्णता इतकी सावकाश उतरते की, दुपारी आत गारवा असतो; ती आत पोहोचते तेव्हा माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असतात. ज्वारीची पेवे जमिनीत खोल खणण्यामागेही हाच अनुभव होता. पत्रा मात्र पाहता पाहता तापतो आणि त्याचे प्रारण थेट खाली बसलेल्यांच्या डोक्यावर येते. पुष्कळ गावांत शाळेच्या काही खोल्या अद्याप पत्र्याच्या आहेत. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात दिला की पुष्कळसे ऊन परतते. खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बसवल्या आणि दोन्ही बाजूंस झरोके ठेवले, तर मधली तापलेली हवा बाहेर पडते. हे काम मार्चपूर्वी, सकाळची शाळा सुरू होण्याआधी उरकता येते.