पंधरा दिवसांची नोटीस आणि घरातले तान्हे बाळ

थकबाकीपोटी वीज तोडण्याचा अधिकार वितरण कंपनीला वीज कायदा 2003 च्या कलम 56 ने दिला असला, तरी किमान 15 पूर्ण दिवसांची, म्हणजे नोटिशीचा आणि तोडणीचा दिवस वगळून मोजलेल्या दिवसांची, लेखी नोटीस दिल्याखेरीज तो वापरता येत नाही. मात्र घरात कोण राहते, हे हे कलम विचारत नाही. वायरमनच्या हातातील यादीत ग्राहक क्रमांक आणि थकलेली रक्कम असते, पाळण्याची नोंद नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, आर्थिक अडचणीतील ज्या घरात 12 महिन्यांच्या आतले मूल आहे, त्या घराची वीज थकबाकीसाठी तोडण्यास नियमांनीच मनाई आहे. तशी तरतूद आपल्या कायद्यातही व्हायला हवी.

विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत पंखा ही चैन उरत नाही, कारण तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाइतका घाम येत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर टाकणे त्याला जड जाते. कामावर परतलेल्या आईने काढून ठेवलेले दूध फ्रिजमध्ये सुमारे 4 दिवस टिकते. बाहेर, तेही 25 अंशांपर्यंतच्या हवेत, जेमतेम 4 तास.

बिलाची रक्कमच वादग्रस्त असेल, तर मागणी केलेली रक्कम किंवा मागील 6 महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती ‘निषेध नोंदवून’, म्हणजे आपला आक्षेप कायम ठेवून, भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ही सवलत त्याच कलमात आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. बिल बरोबर असून पैसेच नसतील, तर तिचा उपयोग नाही. अशा कुटुंबाने मुदत संपण्याआधी उपविभागीय कार्यालयात हप्त्यांसाठी लेखी अर्ज करून, त्यात बाळाचे वय नमूद करून, अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. दाद लागली नाही, तर कलम 42 खालील ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

भाडेकरूंची अडचण निराळी असते : मीटर घरमालकाच्या नावावर असल्याने नोटीस त्याच्याच मोबाइलवर जाते, आणि अंधार मात्र भाडेकरूच्या घरात होतो, म्हणून महावितरणच्या बिलावरील 12 अंकी ग्राहक क्रमांक त्यांनी लिहून ठेवावा आणि थकबाकी दरमहा स्वतः पाहावी.