सोसणं म्हणजे सब्र नव्हे
(नशिराबाद येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



आज पोटाविषयी बोलतो. मला दोन वर्षं गॅस्ट्रायटिस होता, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला सूज. उपाशी राहिलं की आग, जेवलं की पोट जड. सगळे म्हणायचे, "तिखट सोड." खानदेशात तिखट सोडायचं म्हणजे शेवभाजीही गेली! तरी सोडलं. दुखणं थांबलं नाही.

तिखटाने जळजळ वाढते. पण जुनाट सुजेचं मूळ बरेचदा वेगळं असतं. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. रॉबिन वॉरेन यांच्यासोबत त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. दुसरं मूळ आपल्या खिशात असतं: डोकं किंवा कंबर दुखली की मेडिकलमधून घेतलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी. वर ॲसिडिटीची गोळी घेतली की त्रास दबतो, कारण तसंच राहतं.

माझ्या तपासणीत जिवाणू निघाला. 14 दिवसांचा कोर्स होता. आठवड्यातच बरं वाटू लागलं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं: मध्येच सोडलं तर उरलेला जिवाणू पुढे औषधाला दाद देत नाही. कोर्स संपल्यावर महिन्याभराने पुन्हा तपासणी केली, तेव्हा खात्री झाली.

रमजानचं काय? आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच, सूरह बकरामध्ये आहे. लोक काय म्हणतील याआधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐका. रोजा ठेवलात तर सहरी चुकवू नका, सहरीनंतर लगेच आडवे होऊ नका, इफ्तारला भज्यांवर तुटून पडू नका.

आणि घरात बघा. अम्मी, भाभी सगळ्यांना वाढून शेवटी जेवतात, दुपार चहावर काढतात. त्यांचं दुखणं "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडू नका. जळगाव जवळच आहे, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सोबत जा. डांबरासारखी काळी शौचास झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच क्षणी निघा. वजन उगाच घटत असेल, घास अडकत असेल, तरी तपासणी लांबवू नका.

सब्र हवाच. तो औषधाचे 14 दिवस पुरे करायला लागतो. दुखणं लपवायला नाही.