जिवंत गाडी, कागदावर मेलेली

(महिला वाहनचालक आणि बचत गटांच्या कार्यकर्त्या यांच्या पुण्यातील बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



सकाळपासून आपण कर्ज, परमिट आणि रात्रीच्या फेऱ्या यांवर बोललो. मी एका नोंदीबद्दल बोलणार आहे. कुणीतरी, कुठल्यातरी शहरात, संगणकावर एक आकडा चुकीचा दाबला आणि माझा सहा महिन्यांचा रोजगार गेला. ही चूक कशी शोधायची आणि कशी दुरुस्त करून घ्यायची, एवढंच मला आज सांगायचं आहे. कारण आपल्यातल्या बहुतेकजणी सेकंडहँड गाडीच घेतात. नवी गाडी घेण्याची ऐपत असती तर पतसंस्थेच्या दारात दोन जामीनदार घेऊन कोण उभं राहिलं असतं?

आधी हे 'टोटल लॉस' म्हणजे काय ते बघू. गाडीचा विमा काढताना तिची एक किंमत ठरते, तिला आयडीव्ही म्हणतात. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल, तर कंपनी गाडी दुरुस्त करत बसत नाही. मालकाला ठरलेली रक्कम देते आणि दप्तरात गाडी टोटल लॉस म्हणून नोंदवते. मोडकी गाडी भंगाराच्या व्यापाऱ्याला विकली जाते. गाडी कायमची निकामी झाली असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने आरटीओला कळवायचं, आरसी परत करायची आणि नोंदणी रद्द करून घ्यायची.

ही नोंद मुळात वाईट नाही, हेही मी सांगते. मोडक्या गाडीचे कागद विकत घ्यायचे, तिचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकायचा आणि ती गाडी तुमच्या-माझ्या गळ्यात मारायची, असे धंदे चालतात. पोलिसांनी अशा टोळ्या अनेकदा पकडल्या आहेत. म्हणून कंपन्या या नोंदीकडे संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे. प्रश्न असा, की नोंदच चुकली तर संशय कुणावर येतो? तो येतो, समोर जी बाई उभी आहे तिच्यावर.

मी २०२२ च्या फेब्रुवारीत पिवळ्या पाटीची, सीएनजीवर चालणारी गाडी घेतली. सगळं तपासून घेतली. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघितला, जुन्या बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ पाहिला, फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी माझ्या नावावर करून घेतली, पासिंग करून घेतलं. आरटीओच्या दप्तरात कुठेही डाग नव्हता. एका कंपनीच्या रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडण्याचं काम मिळालं. त्या कामाची अट एकच, गाडीला फुल्ल इन्शुरन्स हवा.

डिसेंबरात विम्याचं नूतनीकरण आलं. जुन्या मालकाच्या कंपनीचा हप्ता जास्त होता, म्हणून मी दुसऱ्या कंपनीकडे गेले. तिथे उत्तर मिळालं, "ताई, ही गाडी २०१९ मध्ये टोटल लॉस झालेली आहे. फुल्ल देता येणार नाही." थर्ड पार्टी द्यायला ते तयार होते, कारण तो विमा कायद्याने सक्तीचा आहे. पण थर्ड पार्टीवर कंपनीचं काम टिकत नाही. ते जानेवारीतच गेलं. पतसंस्थेचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात. माझ्या जामीनदार गटातल्याच दोघीजणी. एक पोळ्या लाटते, दुसरी शिवण करते. हप्ता चुकला तर त्यांच्या बचतीला हात लागणार होता. रात्री झोप यायची नाही ती त्यांच्या काळजीने.

मग चकरा सुरू झाल्या. एजंट म्हणाला, आरटीओत जा. आरटीओ म्हणालं, आमच्याकडे गाडी ठीक आहे, विमा कंपनीकडे जा. विमा देणारी कंपनी म्हणाली, नोंद आम्ही केलेली नाही, ज्यांनी केली त्यांच्याकडे जा. आणि ज्या कंपनीने २०१९ मध्ये ती नोंद केली होती, ती म्हणाली, "तुम्ही आमच्या ग्राहकच नाही. दुसऱ्याच्या दाव्याची माहिती तुम्हाला कशी देणार?" या सगळ्या खिडक्यांवर एक प्रश्न मात्र समान होता, "गाडीचे मालक कुठे आहेत? त्यांना पाठवा." आरसीवर माझं नाव, हातात गाडीची किल्ली, तरी मालक कुठे आहेत!

गटाच्या बैठकीत हा विषय मांडला तेव्हा आमच्या एका मैत्रिणीने फार साधी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "गाडी चांगली आहे हे सिद्ध करत बसू नकोस. त्यांनी ज्या गाडीचे पैसे दिले ती ही गाडी नाही, एवढंच सिद्ध कर." तिथून आम्ही कामाला लागलो. काय केलं ते क्रमाने सांगते, वहीत लिहून घ्या.

पहिलं, नकार लेखी मागितला. तोंडी "होणार नाही" याला काही किंमत नाही. ईमेलवर उत्तर घेतलं आणि त्यात दाव्याची तारीख, ठिकाण आणि कंपनीचं नाव कळलं. अपघात जुलै २०१९ चा, नागपूरकडचा.

दुसरं, त्या तारखेच्या पुढचे-मागचे कागद जमवले. सर्व्हिस सेंटरमधून चासी नंबरवरून गाडीचा सगळा इतिहास छापून घेतला. त्या महिन्यात गाडी पुण्यात सर्व्हिसिंगला आली होती, किलोमीटरच्या आकड्यासकट नोंद होती. जुन्या मालकाकडून २०१९ नंतरच्या पॉलिसी घेतल्या. त्यांत दरवर्षी नो क्लेम बोनस मिळालेला. टोटल लॉसचे पैसे घेतलेल्या गाडीला पुढच्याच वर्षी दावा न केल्याचं बक्षीस कसं मिळेल?

तिसरं, आरटीओत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपये शुल्क. दोनच प्रश्न विचारले : या क्रमांकाच्या गाडीबाबत कलम ५५ खाली काही कळवण्यात आलं आहे का, आणि नोंदणी कधी रद्द झाली होती का. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, दोन्हींना "नाही". सहीशिक्क्याचा हा कागद पुढे फार उपयोगी पडला. लक्षात ठेवा, माहिती अधिकार सरकारी विमा कंपन्यांना लागू आहे, खाजगी कंपन्यांना नाही. पण आरटीओला तर आहेच.

चौथं, चासीचा छाप. गाडीवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उमटतो. सतरा अक्षरं-आकडे असतात. नंबरप्लेटचा आकडा लिहिताना चूक होऊ शकते, तसे दोन चासी नंबर जुळणं अशक्य.

पाचवं, चूक करणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. त्यात रडगाणं नाही. तीन मागण्या : तुमच्या दाव्यातला चासी नंबर माझ्या चासी नंबराशी ताडून बघा; जुळत नसेल तर नोंद दुरुस्त करा; आणि दुरुस्ती जिथे जिथे ही माहिती पाठवली तिथे कळवून मला लेखी द्या. विमा कंपन्यांची माहिती हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जमा होते. एका दप्तरात खोडलं आणि दुसऱ्यात राहिलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

उत्तर तेच आलं, तुम्ही ग्राहक नाही. तेव्हा विमा नियामक प्राधिकरणाकडे 'बिमा भरोसा'वर तक्रार नोंदवली. फोनवरूनही करता येते, क्रमांक १५५२५५. तक्रारीला नंबर मिळाला आणि मग एकदाचा त्यांचा सर्व्हेअर गाडी बघायला आला. तो सगळा वेळ गॅरेजवाल्याशी बोलत होता. मी चासीचा छाप त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता माझ्याशी बोला."

निकाल काय? जळालेली गाडी डिझेलची, दुसऱ्याच बनावटीची. तिच्या नंबरातले दोन आकडे मागेपुढे झाले की माझा नंबर तयार होतो. जून २०२३ मध्ये दीड ओळीचं पत्र आलं : लिपिकीय त्रुटी दुरुस्त केली आहे. दिलगिरीचा शब्द नाही. बुडालेल्या महिन्यांची भरपाई मागितली, ती नाकारली. कारण तेच, तुम्ही ग्राहक नाही. फुल्ल इन्शुरन्स मिळाला, काम नव्याने शोधावं लागलं. एकही हप्ता थकला नाही, कारण गटातल्या बायकांनी दोन हप्ते उचलून दिले. त्या दोघींच्या बचतीला हात लागला नाही, याचं समाधान मला त्या पत्रापेक्षा मोठं आहे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. स्वतःच्या विमा कंपनीशी तंटा असेल तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगात गेलात आणि समोरचा म्हणाला, "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही," तर घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे : केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची मानली जात नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. आणि आरसीला जोडलेला मोबाईल नंबर आजच तपासा. गाडी बाईच्या नावावर आणि नंबर भावाचा किंवा दलालाचा, असं घरोघरी आहे. सगळे निरोप त्यांच्याकडे जातात.

शेवटी, हा एका गाडीपुरता प्रश्न नाही. आझमगढ जिल्ह्यातल्या लाल बिहारींना जमिनीसाठी नातेवाइकांनी कागदावर मारलं. १९९४ साली त्यांची नोंद दुरुस्त झाली. त्यांनी त्याच लढ्यातून 'मृतक संघ' काढला. निराधार योजनेच्या यादीतून नाव उडालेली विधवा, रेशनकार्डावरून गळलेली सून, सातबाऱ्यावर न चढलेली मुलगी, या सगळ्यांना एकच वाक्य ऐकावं लागतं : "दप्तरात तसं नाही." नोंद करणारा मोकळा आणि पुरावा आणायचा आपण!

म्हणून संघटनेने ही मागणी लावून धरावी : गाडी टोटल लॉस लिहिताना चासी नंबर ताडून बघणं बंधनकारक करा, नोंद होताच आरसीवरच्या मालकाला कळवा, आणि नोंदीचा फटका ज्याला बसतो त्याला, ग्राहक असो वा नसो, ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती मागण्याचा हक्क द्या. तोवर ज्या कुणीजणी अशा अडकल्या असतील त्यांनी माझ्या पत्रांचे नमुने घेऊन जावेत. प्रती करून आणल्या आहेत, मागच्या टेबलावर आहेत.