भाऊराव कोल्हटकर : दीड-पावणेदोन वर्षांनी हुकलेला आवाज



मी होमिओपॅथीचा डॉक्टर, संगीताचा अभ्यासक नव्हे. तरी आज अशा गायकाबद्दल बोलणार आहे, ज्याचा आवाज तुम्ही-आम्ही कुणीच ऐकलेला नाही.

भाऊराव कोल्हटकरांचा जन्म 1863 चा, बडोद्याचा. 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले आणि दोन वर्षांनी भाऊराव त्यांच्या मंडळीत आले. 18 नोव्हेंबर 1882 ला ‘सौभद्र’ प्रथम रंगले, त्यातली सुभद्रा तेच. नाटकात बायका नसण्याचा तो काळ. शकुंतला, वसंतसेना, ‘रामराज्यवियोगा’तली मंथरा लोकांनी याच गळ्यातून ऐकल्या आणि लाडाने त्यांना ‘भावड्या’ म्हटले. 1885 मध्ये अण्णासाहेब गेले, तरी मंडळी तगली. त्यात या आवाजाचा वाटा मोठा. पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले. ‘शारदे’तला कोदंड त्यांचा, ‘वीरतनया’तला शूरसेनही. ‘वीरतनय’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जन्माने आपल्या नागपूरचे.

13 फेब्रुवारी 1901 ला भाऊराव वारले. वय अवघे 37. हिंदुस्थानातले ग्रामोफोनचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण कलकत्त्यास झाले 1902 च्या नोव्हेंबरात.

आयर्लंडची कॅथरीन हेज मिलानच्या ला स्कालात गायली, पार कलकत्त्यापर्यंत येऊन गेली आणि 1861 मध्ये वारली. तिच्या वेळी यंत्रच नव्हते. भाऊरावांच्या वेळी ते उंबरठ्याशी आले होते, म्हणून अधिक हळहळ वाटते. त्यांची पदे पुढच्या नटांनी गायली, 1905 मध्ये त्याच मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनीही गायली. चाल अशी पुढे जाते. गळा जात नाही.

रामाकोना, सौंसर, पांढुर्ण्याच्या घरांना हे मुद्दाम सांगतो. 1956 नंतर आपण मध्य प्रदेशात राहिलो, मुले बहुतेक हिंदीत शिकली. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, दंडारीची पदे आता आजी-आजोबांच्याच तोंडी आहेत. दवाखान्यात मी पाहतो, दम लागू लागला की माणूस आधी गाणे सोडतो, बोलणे फार नंतर.

आपल्यापाशी यंत्र नाही, असे आज कुणी म्हणू शकत नाही. ते प्रत्येकाच्या खिशात आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी, दम ताजा असताना, गायला बसवा. आधी नाव, गाव, साल बोलवून घ्या. दोन ओळी आल्या तरी पुरे. पण दिवाळीला बघू, असे म्हणू नका.